'मर्यादेत आहे' एवढ्यावर समाधान नको

हवा-पाण्याच्या तपासणी अहवालात एक वाक्य आपण नेहमी वाचतो: 'प्रमाण मर्यादेत आहे.' वाचून बरं वाटतं. पण ही मर्यादा एकेका रसायनाची असते. देशात 2009 पासून हवेतल्या 12 प्रदूषकांसाठी मानके आहेत आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी. श्वास घेताना मात्र बाराही एकदमच आत जातात. पाणी, अन्न आणि प्लास्टिकमधून येणारी रसायने त्यात आणखी भर घालतात. मग या सगळ्यांची बेरीज कोण करणार?

लंडनच्या संशोधकांनी 2002 मध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखी वागणारी 8 रसायने घेतली. प्रत्येकाचं प्रमाण इतकं कमी ठेवलं की एकट्याचा परिणाम दिसू नये. यीस्टच्या पेशींवर आठही एकत्र वापरली, तेव्हा परिणाम स्पष्ट दिसला. दावतीच्या देगेत आठ जणांनी 'मी मूठभरच टाकलं' म्हणत मीठ टाकावं, तसंच हे. खोटं कुणीच बोलत नाही, पण सालन खारट होतंच.

स्वीडनमधल्या अभ्यासाने 2022 मध्ये हाच प्रश्न माणसांपर्यंत आणला. 1,800 हून अधिक गर्भवतींच्या रक्त-लघवीत प्लास्टिक, सुगंधी वस्तू, न चिकटणारी भांडी यांतून येणारी रसायने मोजली गेली. मिश्रणाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या गटातल्या मुलांमध्ये बोलणं उशिरा येण्याची शक्यता सर्वांत कमी प्रमाण असलेल्या गटाच्या तिपटीहून जास्त आढळली. बोलणं उशिरा येणं म्हणजे अडीच वर्षांच्या वयात 50 शब्दही न येणं. नुसत्या आकड्यांच्या संबंधावर न थांबता तेच मिश्रण प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर, बेडकांच्या पिल्लांवर आणि माशांवर तपासलं गेलं. तिथेही मेंदूच्या वाढीत आणि थायरॉइडच्या कामात अडथळा दिसला.

आपल्याकडे यवतमाळने 2017 मध्ये याचं उग्र रूप पाहिलं. कपाशीवर फवारणी करताना 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अनेक ठिकाणी दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली गेल्याचं पुढे आलं. डब्यावरची सूचना एकाच औषधाची असते, मिश्रणाची नाही.

गोवंडी-देवनारच्या वस्त्यांमध्ये हे मिश्रण संथपणे, रोज पोटात जातं. 1927 पासूनचं कचऱ्याचं डम्पिंग, 2016 च्या आगीसारखा धूर, जवळच माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, वर रस्त्यावरची धूळ. इथे आपली हजारो कुटुंबे राहतात. त्यांना एकेका वायूचा आकडा पुरेसा नाही. मुलांच्या रक्ताची, विशेषतः शिशाची तपासणी हवी आणि सगळ्या स्रोतांचा एकत्र हिशेब हवा. ही मागणी नगरसेवकांपासून प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत लेखी गेली पाहिजे.

घरातली बेरीज मात्र आपल्याच हातात आहे. सुरम्याच्या अनेक नमुन्यांत शिसं आढळलं आहे, म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तो नकोच. गरम चहा-सालन प्लास्टिकच्या पिशवीत आणू नये. बंद खोलीत अगरबत्ती-लोबान जाळू नये. घाबरण्याचं कारण नाही, कारण बेरजेतला एक आकडा कमी झाला तरी बेरीज कमी होते. पण कारखान्याचा आणि डम्पिंगचा आकडा आईने घरी कमी करायचा नसतो. ती जबाबदारी सरकारची आहे.