दहा वर्षांची मुदत आणि चाळीस वर्षांनी येणारा रोग

कोल्हापूर जिल्ह्यात सैन्याशी नाते नसलेले गाव मुद्दाम शोधावे लागेल. शिरोळ तालुक्यातील टाकळीने तर आपल्या नावाआधी 'सैनिक' हा शब्द अभिमानाने धारण केला आहे. मराठा पलटणींचा पराक्रम आपल्या सर्वांना ठाऊक असतो. मात्र ज्यांनी तारुण्याची पंधरा-वीस वर्षे नौदलाच्या जहाजांवर बॉयलरच्या खोलीत किंवा लष्कराच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यांत घालविली, त्यांच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. यांपैकी काहींच्या वाट्याला उतारवयात येऊ शकणारा एक रोग आणि त्याबाबतचे आपले नियम यांचा येथे विचार करावयाचा आहे.

ॲस्बेस्टॉस न जळणारे, उष्णता अडविणारे आणि स्वस्त. त्यामुळे वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकांतील बॉयलरना व वाफेच्या नळ्यांना त्याचेच वेष्टन असे. दुरुस्तीसाठी ते फोडले की डोळ्यांना न दिसणारे तंतू त्या बंदिस्त जागेत पसरत. मोटारींच्या ब्रेक लायनरमध्येही हाच पदार्थ होता. श्वासावाटे आत गेलेला तंतू फुफ्फुसात ठाण मांडून बसतो आणि सामान्यतः वीस ते पन्नास वर्षांनी मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, उद्भवू शकतो. निदानानंतर रुग्ण बहुधा वर्ष-दीड वर्षच जगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरविले आहेत. तरीही आपल्याकडे त्याची आयात चालू आहे आणि त्याचे सिमेंटचे पत्रे आजही घरांवर चढत आहेत. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपली 'विराट' ही विमानवाहू नौका मूळची ब्रिटनची 'हर्मीस'. 1959 ते 1984 ती ब्रिटिश नौदलात होती. 1987 साली आपण ती घेतली आणि 2017 पर्यंत वापरली. 1961 साली आलेली 'विक्रांत'ही ब्रिटिश बांधणीचीच. त्या पिढीच्या वाफेच्या जहाजांवर ब्रिटिश खलाशी आणि भारतीय खलाशी एकाच प्रकारच्या नळ्या हाताळत होते. ब्रिटनमध्येही 1947 च्या कायद्यामुळे सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नसे. 1987 साली ती आडकाठी निघाली, पण मागील काळासाठी नव्हे. जुन्या खलाशांवर होणारा हा अन्याय अखेर मान्य झाला आणि डिसेंबर 2015 पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकास एकरकमी 1 लाख 40 हजार पौंड घेण्याचा पर्याय सरकारने दिला. अमेरिकेत सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1950 सालीच ठरविले होते. म्हणून तेथील माजी सैनिक ॲस्बेस्टॉसच्या उत्पादकांविरुद्ध उभे राहिले. जॉन्स-मॅनव्हिल या बलाढ्य कंपनीने 1982 साली दिवाळखोरीचा आश्रय घेतला आणि पुढे पीडितांसाठी निधी उभा राहिला. शिवाय माजी सैनिकांच्या खात्याकडून तेथे भत्ता व उपचार मिळतात.

आपल्याकडे काय आहे? 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात सैनिकाला कामगार मानलेले नाही, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते अपवादाचे कलम कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांबाबत महत्त्वाचा निवाडा दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी आणि रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये द्यावेत, असा तो आदेश होता. हा रोग उशिरा येतो हे न्यायालयाने ओळखले, पण त्याचा लाभ कारखान्याच्या फाटकाशीच थांबला.

सैनिकापुढे राहतो तो अपंगत्व निवृत्तिवेतनाचा मार्ग. रोग सेवेमुळे जडला किंवा सेवेमुळे बळावला असावा आणि अपंगत्व किमान वीस टक्के असावे, ही त्याची मुख्य अट. येथे नियम कागदावर उदार आहेत, हे मान्य केले पाहिजे. 1982 च्या नियमांनुसार अर्जदारावर पुराव्याचा भार टाकावयाचा नसतो. रास्त संशयाचा फायदा त्यालाच द्यावयाचा असतो आणि जहाजावर सेवा केलेल्यास तो अधिक सढळपणे द्यावा, असे तेथे लिहिलेले आहे. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितले.

अडचण पुढे आहे. निवृत्तीनंतर उद्भवलेल्या रोगाचे काय? 2008 च्या नियमांनुसार तो दहा वर्षांच्या आत उद्भवला तरच सेवेशी जोडता येतो. आता साधा हिशेब करून पाहावा. अठराव्या वर्षी भरती झालेला तरुण तेहतिसाव्या वर्षी घरी येतो. मुदत त्रेचाळिसाव्या वर्षी संपते आणि रोग साठीत दार ठोठावतो. 2023 साली आलेले नवे नियम त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत. बॉयलरचे वेष्टन हाताने फोडणारी पिढी त्यापूर्वीच गावी परतलेली आहे.

मुदतीमागे काही तर्क आहे, हे नाकारता येत नाही. रक्तदाब पंधरा वर्षांनी वाढला तर तो नोकरीमुळे की घरच्या काळजीमुळे, हे कोण सांगणार? फुफ्फुसाच्या कर्करोगातही धूम्रपानाचा प्रश्न निघतो. परंतु मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध नाही आणि ॲस्बेस्टॉसखेरीज त्याची अन्य कारणे विरळा. जो रोग आपले कारण स्वतःच सांगतो, त्याला कालमर्यादेचे कुंपण कशासाठी? खर्चाची सबब तर टिकणारीच नाही. रोग विरळा, रुग्णाचे आयुष्य थोडे. संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनाच्या खर्चात ही रक्कम जाणवणारदेखील नाही. निदान या एका रोगापुरती मुदत रद्द करण्यास केंद्र सरकारला संकोच वाटू नये.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. उपचारांसाठी 2003 पासून ईसीएचएस योजना आहे व कोल्हापुरात तिचे चिकित्सालय आहे. छातीत पाणी भरले, धाप लागली तर रुग्णाने डॉक्टरांना आपण कोणत्या जहाजावर, कोणत्या शाखेत काम केले हे आपणहून सांगावे. आपल्याकडे ते सहसा विचारले जात नाही. तुकडा तपासणीचा अहवाल आणि रोगाच्या कारणाविषयी लेखी अभिप्राय मागून घ्यावा. मग सेवापुस्तिकेसह अर्ज अभिलेख कार्यालयाकडे करावा. नौसैनिकांसाठी ते मुंबईत मानखुर्दला आहे. नकार आल्यास अपील करावे आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जावे. अंतिम आदेशानंतर तेथे सहा महिन्यांची मुदत असते. उशीर झाल्याने हक्क बुडतोच असे नाही. 2008 च्या तरसेम सिंग निवाड्यानुसार थकबाकी मात्र बहुधा तीनच वर्षांची मिळते. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालय कोल्हापुरात बसू लागले, पण हे न्यायाधिकरण मुंबईतच आहे. धाप लागलेल्या माणसाला तो प्रवास चुकत नाही.

खेड्यात असे अर्ज बहुधा प्राथमिक शिक्षक किंवा ग्रामपंचायतीचा कारकूनच लिहून देतो. त्याने अर्जात 'छातीचा आजार' एवढेच न लिहिता जहाजाचे नाव, काम, वर्षे आणि 'ॲस्बेस्टॉस' हा शब्द आवर्जून लिहावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानेही आपल्या नोंदवहीत यासाठी एक रकाना वाढवावा. त्याला दिल्लीच्या परवानगीची गरज पडू नये.