आईचा हक्क आणि वकिलाची फी

गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसापाशी वकिलाला देण्यास पैसे नसतील, तर सरकारने त्याला वकील दिलाच पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरविले. पुढे १९७२ साली हा हक्क तुरुंगवास घडविणाऱ्या किरकोळ गुन्ह्यांपर्यंत नेला गेला. मात्र त्याच न्यायालयाने १९८१ साली असेही सांगितले की, सरकार एखाद्या गरीब आईचे मुलाशी असलेले नाते कायमचे तोडावयास निघाले, तरी तिला वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही. चार दिवसांची कैद होणाऱ्याला वकील हवा, जन्माची ताटातूट होणारीला नको!

हा निकाल उत्तर कॅरोलायनातील डरहॅम येथील एका खटल्यात लागला. तेथील एका आईचे तान्हे मूल १९७५ साली, हेळसांड होते या कारणावरून, समाजकल्याण खात्याच्या ताब्यात गेले. पुढे गंभीर गुन्ह्यासाठी तिला दीर्घ मुदतीची शिक्षा झाली, आणि १९७८ साली खात्याने तिचा मुलावरील हक्क कायमचा रद्द करण्यासाठी अर्ज केला. सुनावणीसाठी तिला तुरुंगातून आणण्यात आले. खात्याच्या बाजूने सरकारी वकील होता. हिच्या बाजूने कोणी नव्हते. खात्याच्या समाजसेविकेची उलटतपासणी तिनेच करावयाची होती. प्रश्न विचारण्याऐवजी ती आपली बाजू सांगू लागे, आणि न्यायाधीश तिला अडवीत. मुलाची आजी, जी त्याच्या इतर भावंडांना सांभाळीत होती, ती हेही मूल सांभाळण्यास तयार होती की नव्हती, हा खटल्यातील कळीचा मुद्दा. आजीने नकार दिला होता असे खात्याचे म्हणणे, तर आपण तसे म्हटलेच नाही असे आजीचे. ऐकीव पुराव्याला हरकत घेता येते, ही गोष्ट त्या दोघींना सांगणार कोण?

सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ती आई हरली. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांनी लिहिलेल्या निकालाचे सूत्र असे : जेथे शारीरिक स्वातंत्र्य जावयाचे असते तेथेच वकिलाचा हक्क गृहीत धरावा, इतरत्र प्रत्येक खटल्याचे गुणदोष पाहून ठरवावे. त्या वेळी ३३ राज्यांनी आपापल्या कायद्याने अशा आईबापांना वकील देऊ केला होता आणि ते सुज्ञपणाचे आहे, हे बहुमतालाही मान्य होते. सुज्ञपणाचे आहे, पण हक्काचे नाही! न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी याविरुद्ध भिन्नमत नोंदविले. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, न्यूयॉर्कमधील एका दांपत्याच्या खटल्यात त्यांनीच बहुमताचा निकाल लिहिला : नाते तोडावयाचे तर पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक हवा, नुसते पारडे किंचित झुकून भागणार नाही. १९९६ साली मिसिसिपीतील एका आईचे अपील, कामकाजाच्या नकलांसाठी लागणारे २,३५२ डॉलर तिच्यापाशी नसल्यामुळे अडले, तेव्हाही न्यायालय तिच्या बाजूने उभे राहिले. तो वाद खाजगी दत्तकविधानाचा होता. परंतु पैशावाचून न्यायालयाचे दार बंद होता कामा नये, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

काही मुलांना घरातून सोडविणे भागच असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मारहाणीने मूल मरते तेव्हा खाते कोठे झोपले होते, असे आपणच विचारतो. परंतु मुले ताब्यात घेण्याच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोप मारहाणीचा नसून हेळसांडीचा असतो. आणि हेळसांड व दारिद्र्य यांतली सीमारेषा कोणाला काटेकोरपणे आखता आली आहे? थंडीत घर तापविण्याची सोय नाही, आई रात्रपाळीला गेल्यावर मुलांजवळ कोणी नाही, ही लक्षणे कशाची मानावयाची? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, अमेरिकेतील ३७ टक्के मुलांच्या घरी ती अठरा वर्षांची होण्यापूर्वी केव्हा तरी खात्याची चौकशी येते. कृष्णवर्णीय मुलांत हेच प्रमाण ५३ टक्के आहे.

यामागचे अर्थकारण फारसे कोणी पाहत नाही. १९८० च्या कायद्याने पात्र गरीब घरातील मूल परक्या घरी ठेवल्यास त्या खर्चाचा वाटा केंद्र सरकार राज्याला देते, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. उलट तेच मूल आपल्या घरी राहावे म्हणून मदत करावयाची, तर त्यासाठीचा निधी मोजूनमापून मिळे. २०१८ च्या कायद्याने यात थोडी सुधारणा केली, इतकेच. त्यात १९९७ च्या कायद्याचे घड्याळ : मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल बाहेर राहिले, तर काही अपवाद वगळता राज्याने नाते तोडण्याचा अर्ज केलाच पाहिजे. घर मिळविण्यास, व्यसन सोडण्यास किंवा तुरुंगातून सुटण्यास पंधरा महिने पुरतातच असे नाही.

वकिलाने काय फरक पडतो, याचेही उत्तर मिळाले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क शहरातील अभ्यासात, ज्या आईबापांना वकिलाबरोबर समाजकार्यकर्त्यांचेही साहाय्य देणाऱ्या संस्था मिळाल्या, त्यांची मुले परक्या घरी सरासरी सुमारे चार महिने कमी राहिली, आणि मुलांच्या सुरक्षिततेत काही उणे पडले नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही या कामी पैसा देण्यास अनुमती दिली. आज बहुतेक राज्ये कायद्याने वकील देतात. त्याच्यावर कामाचा बोजा किती आणि तो केव्हा भेटतो, हा भाग निराळा. १९८१ चा निकाल मात्र कायम आहे. एखाद्या राज्याने उद्या आपला कायदा मागे घेतला, तर आपल्याला वकील का हवा, हे त्या आईला न्यायाधीशापुढे वकिलावाचूनच पटवून द्यावे लागेल.