उमेदवार उद्धट झाले आहेत काय?

नोकरीच्या मुलाखतीस येणारा आजचा तरुण उद्धट झाला आहे, अशी तक्रार निवड समित्यांवर बसणाऱ्या मंडळींकडून वरचेवर ऐकू येते. खासगी शाळांचे संस्थाचालक, कारखान्यांतील कार्मिक अधिकारी, निवृत्तीनंतर तज्ज्ञ म्हणून पाचारण केले जाणारे प्राचार्य, या सर्वांचा सूर एकच असतो. उमेदवार पगाराचा विषय स्वतःहून काढतो. आधीची नोकरी का सोडली असे विचारले तर मोघम उत्तर देऊन गप्प बसतो. समितीतील एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाचे विधान चुकीचे असल्याचे तोंडावर सांगतो. आणि हे सारे करताना त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेशही दिसत नाही. गंमत अशी की, हीच मंडळी पुढच्या पाच मिनिटांत दुसरी एक तक्रार करतात. आजच्या मुलांना स्वतःचे असे मतच नाही, मार्गदर्शन वर्गातून घोकून आणलेली उत्तरे ती पोपटासारखी म्हणून दाखवतात, अशी ती तक्रार. एकाच तोंडातून या दोन्ही तक्रारी निघाव्यात याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. वास्तविक ते वाटावयास हवे. उमेदवाराला स्वतःचे मत असावे अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याने ते मत आपल्याविरुद्ध जाण्याचीही तयारी ठेवावयास नको काय?

ही तयारी आपल्या समाजात कोठेच नाही, आणि तिचा अभाव घरापासून सुरू होतो. मुलाने कोणती शाखा घ्यावी हे वडील ठरवतात, अर्ज थोरला भाऊ भरतो, कोणाची चिठ्ठी उपयोगी पडेल याचा शोध मामा घेतात, आणि मुलाखतीच्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात उमेदवारांइतकेच पालक बसलेले आढळतात. यामागे माया आहे, काळजी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावाहून रात्रभर एस.टी.ने येणाऱ्या मुलीबरोबर वडील आले, तर त्याला कोणी हसू नये. परंतु बावीस-तेवीस वर्षे ज्याच्या वतीने इतरांनीच उत्तरे दिली, तो दाराआड एकटा गेल्यावर एकाएकी स्वतंत्रपणे बोलू लागेल, ही अपेक्षा भाबडी आहे. शाळेतही निराळे काय घडते? उत्तर फळ्यावरून उतरवून घ्यावे आणि परीक्षेत तसेच लिहावे, हा शिरस्ता. प्रश्न विचारणारा मुलगा आगाऊ ठरतो, शंका काढणारी मुलगी शिष्ट ठरते. 'शहाणा' हा स्तुतीचा शब्दसुद्धा आपण किंचित सूर बदलून शिवीसारखा वापरतो, यातच काय ते आले.

अशा तयारीने आलेल्या तरुणाला मग मार्गदर्शन वर्ग उरलेसुरले शिकवतात. पुण्यासारख्या शहरात स्पर्धा परीक्षांचे पेठाच्या पेठा व्यापणारे विश्व उभे राहिले आहे. तेथे लुटुपुटीच्या मुलाखती घेतल्या जातात आणि दारातून आत कसे यावे, हात कोठे ठेवावेत, किती हसावे, हे सांगितले जाते. आपल्यातील उणीव कोणती, या प्रश्नावर 'मी कामात फार गुंतून जातो' हे उत्तर आता इतके सर्वत्र पसरले आहे की, ऐकणाऱ्याला ते खोटे आहे हे ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. तरीही उत्तर दिले जाते, गुणही पडतात. हा उभयपक्षी मान्य असलेला लपंडाव म्हणजे मुलाखत, असे समीकरण झाले तर दोष एकट्या उमेदवाराचा कसा?

मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ भेट असा आहे. अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दात एकाने बसून तपासायचे आणि दुसऱ्याने उभे राहून तपासून घ्यायचे, असे काही नाही. संघ लोकसेवा आयोगानेही आपल्या नियमांत हीच दृष्टी ठेवली आहे. ही कठोर उलटतपासणी नसून सहज पण हेतुपूर्ण संभाषण असावे, आणि त्यातून उमेदवाराची विचारशक्ती, समतोल निर्णयबुद्धी व नैतिक सचोटी यांची पारख व्हावी, असे आयोग सांगतो. लेखी परीक्षेचे १७५० आणि या व्यक्तिमत्त्व चाचणीचे २७५ अशी गुणांची विभागणी आहे. कागदावरचे हे धोरण उत्तम आहे. तथापि, कागद आणि खोली यांत किती अंतर पडू शकते, याची साक्ष न्यायालयांच्या निकालपत्रांत नमूद आहे.

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांचे 'अजय हसिया' प्रकरण नोकरीचे नव्हते, पण ते निवड समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटे चालली आणि तीत आई-वडील कोण, राहणे कोठे, एवढेच विचारले गेले, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते गृहीत धरूनच निकाल दिला आणि तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल असे बजावले. पुढे १९८५ मध्ये हरियाणातील सेवाभरतीच्या 'अशोककुमार यादव' प्रकरणात सर्वसाधारण उमेदवारांसाठी हे प्रमाण १२.२ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे त्याच न्यायालयाने सांगितले. तीन मिनिटांत आणि वडिलांचे नाव विचारून ज्याची पारख झाली, त्या तरुणाने नम्र राहावे की उद्धट व्हावे, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याच्याशी कोणी बोललेच नव्हते.

मुलींच्या बाबतीत तर विषय वडिलांच्या नावावर थांबत नाही. लग्न केव्हा करणार, सासरची मंडळी नोकरी करू देतील काय, मूल झाल्यावर काय, हे प्रश्न आजही हसत हसत विचारले जातात. चोनिरा बेलियप्पा मुथम्मा या १९४९ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनी आपल्याला या सेवेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, आणि आपले वजन वापरून तोंडी परीक्षेत किमान गुण दिले हेही पुढे स्वतःच आपल्याला सांगितले, असे त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले होते. विवाह केल्यास राजीनामा देईन, अशी हमीही त्यांच्याकडून लिहून घेण्यात आली होती. न्या. कृष्ण अय्यर यांच्या १९७९ च्या निकालपत्रात ही सारी हकीकत आहे, आणि अशा नियमांवर कठोर ताशेरेही आहेत. मुथम्मा गप्प राहिल्या असत्या तर नम्र म्हणून त्यांची वाखाणणी झाली असती. १९९१ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका कर्मचारी महिलेच्या प्रकरणात नोकरीपूर्वी भरून घेतलेल्या प्रतिज्ञापत्रात मासिक पाळी आणि गर्भधारणा यांविषयी रकाने असल्याचे उघड झाले. न्यायालयाने ते काढून टाकण्यास सांगितले आणि तिला कामावर परत घेण्याचा आदेश दिला. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतला स्त्री-पुरुष भेद निषिद्ध ठरवला, २०१९ च्या वेतन संहितेने तेच तत्त्व पुढे चालवले. एवढे सगळे असताना एखादी मुलगी 'या प्रश्नाचा कामाशी संबंध नाही' असे शांतपणे म्हणाली, तर तिला उद्धट कोणत्या तोंडाने म्हणावे?

याचा अर्थ उमेदवारांच्या वागण्यात दोष नाहीत असा नव्हे. वेळेवर न येणे, समितीसमोर खिशातला फोन वाजू देणे, अनुभवाचे बनावट दाखले जोडणे, या गोष्टींना स्वातंत्र्याचे नाव देता येणार नाही. नियुक्तिपत्र स्वीकारून रुजू न होणे आणि तसे कळवण्याचेही सौजन्य न दाखवणे ही तर निव्वळ बेपर्वाई आहे, कारण प्रतीक्षा यादीवरचा दुसरा कोणी गरजू त्या जागेकडे डोळे लावून बसलेला असतो. मात्र हा धडा त्याने कोठे घेतला, हेही विचारावयास हवे. 'आम्ही कळवू' असे सांगून कधीही न कळवणे, हा आपल्याकडील संस्थांचा रूढ शिष्टाचार आहे. दहा ठिकाणी उत्तराची वाट पाहिलेला तरुण अकराव्या ठिकाणी उत्तर पाठवीत नाही.

पगाराच्या प्रश्नाचेही तसेच. तो विचारणे अशिष्ट का मानावे? महाराष्ट्रात शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर जातात. २०२३ मध्ये ते वाढेपर्यंत प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला दरमहा ६००० रुपये मिळत. आता १६,००० मिळतात. डी.एड.साठी घरची शेती गहाण ठेवलेल्या उमेदवाराने हातात किती पडणार हे विचारले, तर तो हिशेबी ठरतो. न विचारता होकार दिला तर त्याची निष्ठा वाखाणली जाते. ही निष्ठा कोणाला परवडते? ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे, ज्याच्या पाठीशी नामवंत महाविद्यालयाची पदवी आहे, त्याला नोकरी नाकारण्याचीही सोय असते, म्हणून तो ताठ बसू शकतो. समितीला त्याचे ते बसणे आत्मविश्वास वाटते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि धाकट्या बहिणीची फी डोक्यावर असलेला तरुण तसाच बसला, तर तो माज ठरतो. स्वतंत्र बाण्याने वागा, असा उपदेश तरुणांना करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला नसतो.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून 'क' व 'ड' गटांतील आणि 'ब' गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत रद्द केली. कारकुनी कामासाठी लेखी परीक्षा पुरेशी आहे आणि मुलाखतीची खोली वशिल्याची वाट होते, हा अनुभव पाहता तो निर्णय योग्यच होता. पण तो एक प्रकारे कबुलीजबाबही होता: समितीने प्रामाणिकपणे ऐकून घ्यावे, याची व्यवस्था करणे जमत नाही, म्हणून खोलीच बंद केली. सगळ्या खोल्या बंद करता येणार नाहीत. राज्याच्या पवित्र प्रणालीतही खासगी संस्थांना मुलाखतीसह निवडीचा पर्याय आहे, आणि मुलाखत व अध्यापन कौशल्य यांना ३० गुण आहेत. वर्गात उभा राहणारा माणूस समोरासमोर पाहून निवडावा, यात गैर काहीच नाही.

तेव्हा ज्या खोल्या उघड्या राहणार आहेत त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. वेतन आणि नोकरीच्या अटी जाहिरातीतच छापाव्यात, म्हणजे विचारण्याचा संकोच उरणार नाही. विवाह, जात, घरची माणसे यांविषयी समितीने काही विचारू नये आणि अध्यक्षाने ते विचारू देऊ नये. 'मला हे माहीत नाही' या उत्तराचे गुण कापू नयेत. निदान थाप मारणाऱ्यापेक्षा ते अधिक असावेत. वर्गात हे उत्तर हसण्यावारी न नेण्याचे काम शिक्षकांकडे येते, आणि मुलाखतीच्या तयारीचा तेवढा एक भाग फुकटात होण्याजोगा आहे. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, असे अजय हसिया प्रकरणातच सुचवले गेले होते. त्या काळी त्याला निराळे यंत्र आणि फिती लागत. आज समितीच्या प्रत्येक सभासदाच्या खिशात ती सोय आहे. संस्थांनी ती वापरावी, आणि निवड न झालेल्या उमेदवारास तसे पंधरा दिवसांत कळवावे.