पाटी, पदवी आणि रात्रपाळी

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या पांडेसऱ्यात एका रुग्णालयाचे थाटामाटात उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यास टाळे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. ‘जनसेवा मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल’ असे त्याचे नाव. निमंत्रणपत्रिकेवर महापालिका आयुक्त व पोलीस आयुक्त यांची नावे त्यांना न विचारताच छापलेली होती. संस्थापकांपैकी दोघांच्या वैद्यकीय पदव्या बोगस असल्याचे पोलिसांनी जाहीर केले. पुढच्याच महिन्यात सुमारे सत्तर हजार रुपयांत वैद्यकीय प्रमाणपत्र विकणारी टोळी सुरतेत पकडली गेली. तिच्याकडे हजारावर प्रमाणपत्रांची नोंद मिळाली, आणि त्या धाडींतही पांडेसऱ्यातले दवाखाने होतेच.

बोगस डॉक्टरांविरुद्ध आपण सारे एकमुखाने बोलतो. ते सोपे आहे, कारण ते ‘आपले’ नव्हेत. मला मात्र निराळाच प्रश्न पडतो. त्या उद्घाटनास आलेल्या मंडळींनी पाहिले काय? पाटी, पत्रिका आणि मोठ्या माणसांची नावे. ज्यांच्या पदव्या शंभर टक्के अस्सल आहेत अशा आपल्या नर्सिंग होमची पारख तरी लोक आणखी कशावरून करतात? आणि आपण त्यांना दुसरे काय दाखवतो?

या वस्तीतला रुग्ण मूर्ख नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेला, डाईंग मिलमध्ये बारा तास राबणारा माणूस घराजवळचे नर्सिंग होम निवडतो. तिथे त्याची अहिराणी समजते, डॉक्टर गावाकडचे असतात, पैसे आठवडाभर थांबतात. नवी सिव्हिल किंवा स्मीमेर गाठायची तर एक दिवसाची मजुरी बुडते. ही कारणे खरी आहेत व छोट्या नर्सिंग होमची गरजही खरी आहे. परंतु आपुलकी ही सुरक्षिततेची हमी होऊ शकत नाही. उलट ती असते म्हणूनच रुग्ण प्रश्न विचारायला संकोचतो.

कायदा आता आला आहे. गुजरातने २०२१ साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. नोंदणीच्या मुदती वारंवार वाढवाव्या लागल्या, यावरून आपल्या उत्साहाची कल्पना यावी. पन्नास खाटांपर्यंतच्या लहान रुग्णालयांसाठी एनएबीएचचे वेगळे निकष आहेत. हे सर्व हवेच. तथापि तपासणी दिवसा होते, सूचना देऊन होते आणि बहुतांशी कागदांची होते. रुग्णालयाची खरी परीक्षा रात्री दोन वाजता असते.

गेल्या काही वर्षांतल्या आगीच पाहा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा अर्भके गेली. २३ एप्रिलला विरारच्या अतिदक्षता विभागात पंधरा रुग्ण, तर १ मे रोजी आपल्या शेजारच्या भरूचमध्ये सोळा रुग्ण आणि त्यांच्यासोबत दोन परिचारिका दगावल्या. एक सरकारी, एक खासगी, एक धर्मादाय; परंतु तिन्ही आगी मध्यरात्र ते पहाट या वेळातल्या. अग्निशामक नळकांडे भिंतीवर टांगलेले असणे वेगळे आणि ते हाती घेऊन चालवू शकेल असा माणूस त्या वेळी मजल्यावर जागा असणे वेगळे.

इथे मनुष्यबळाचा प्रश्न येतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य कक्षात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा. वीस खाटांच्या नर्सिंग होमला प्रत्येक पाळीत चार, तीन पाळ्यांत बारा, रजा धरून पंधरा-सोळा नोंदणीकृत परिचारिका लागतील. आपल्यापैकी किती जणांकडे आहेत? बहुतेक ठिकाणी दिवसा एखादी जीएनएम व रात्री पांढरा कोट घातलेली, सहा महिन्यांचा कसलासा कोर्स केलेली मुलगी, हे चित्र आपण सर्व जाणतो. ती मुलगी कष्टाळू असते, बहुधा आपल्याच समाजातली असते. तिच्यावर सोपवलेली जबाबदारी मात्र तिला न शिकवलेली असते.

न्यायालयाने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. स्प्रिंग मेडोज प्रकरणात (१९९८) विषमज्वराच्या बालरुग्णास परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले. बालकाच्या मेंदूस कायमची इजा झाली आणि भरपाई रुग्णालयावर बसली. त्यापूर्वी १९९६ साली, मुंबईतल्या एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या खटल्यात, जे शास्त्र शिकलो नाही त्याने उपचार करणे हाच हलगर्जीपणा होय, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. रात्रपाळीचा वैद्यकीय अधिकारी कोणत्या शाखेचा आहे आणि त्याला कोणते निर्णय घेण्याची मुभा आहे, हे आपल्या किती रुग्णालयांत लिहून ठेवलेले असते?

‘आमच्याकडे आजवर एकही मृत्यू नाही’ असे अभिमानाने सांगणारे भेटतात. मला अशा वेळी थोडी भीती वाटते. मृत्यू होत नाही, कारण रक्तदाब घसरू लागला की रुग्ण रुग्णवाहिकेतून सिव्हिलला रवाना होतो व मृत्यूची नोंद तिथे होते. म्हणून मृत्यूंच्या आकड्यापेक्षा मी तीन गोष्टी विचारीन. वर्षभरात किती रुग्ण दुसरीकडे पाठवले आणि पाठवताना त्यांची अवस्था काय होती; किती जणांस पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले; आणि चुकलेले औषध, पडलेला रुग्ण, चिघळलेली जखम यांची वही आहे काय. वही कोरी असेल तर चुका होत नाहीत असे मी समजणार नाही; त्या लिहिल्या जात नाहीत असे समजेन.

यावर आपलेच बंधू म्हणतील की, सोळा परिचारिकांचा पगार वीस खाटांना परवडत नाही. नियम इतके कडक केलेत तर छोटी रुग्णालये बंद पडतील आणि रुग्ण पुन्हा सत्तर हजारांच्या डॉक्टरकडे जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. मी ते खोडून काढू शकत नाही. पण त्याचे उत्तर निकष सैल करणे हे नसून काम आवरते घेणे हे आहे. चार प्रशिक्षित परिचारिका असतील तर रात्री तेवढ्यांत सांभाळता येतील इतक्याच खाटा ठेवाव्यात आणि अतिदक्षता विभागाची पाटी उतरवावी. दोन-तीन नर्सिंग होमनी मिळून रात्रीचा भूलतज्ज्ञ व एक नोंदणीकृत परिचारिका सामाईक नेमणे अशक्य नाही. जनरेटरची दुरुस्ती आपण असेच वाटून घेतो.

राहिला प्रश्न तपासायचे कोणी. माझ्या मते आपल्या संघटनेनेच. दरवर्षी सभासदांपैकी तिघांनी, ज्यांचा त्या रुग्णालयाशी रुग्ण पाठवण्याचा वा ‘कट’चा कसलाही व्यवहार नाही अशांनी, पूर्वसूचना न देता रात्री एकदा फेरी मारावी. कामावर कोण आहे, त्याचे नोंदणीपत्र कुठे आहे, प्राणवायूचा राखीव सिलिंडर भरलेला आहे काय, मागचा जिना मोकळा आहे की त्यात खाटा रचल्या आहेत, जैविक कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे निरनिराळ्या रंगांच्या पिशव्यांत जातो की एकाच पोत्यात, एवढे पाहिले तरी तासाभरात पुष्कळ कळते. निष्कर्ष पहिल्या वर्षी फक्त त्या डॉक्टरांना कळवावेत. दुसऱ्या वर्षापासून ते रुग्णालयाच्या दर्शनी भागी मराठी, गुजराती, हिंदी व उडियात लावावेत, दरपत्रकाच्या शेजारीच. वार्षिक सभेपुढे हा ठराव मी मांडणार आहे, आणि पहिली फेरी माझ्या रुग्णालयात मारावी असे त्यात नमूद केले आहे.