पान्हा कोण चोरतो?

व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारी कोणतीही वस्तू शक्य तितकी न खाणारी आणि न वापरणारी व्यक्ती. मांस, मासे, अंडी यांच्या बरोबरीने दूध, दही, तूप आणि मध त्यात आले. अंगावरचे रेशीम, लोकर आणि पायातले चामडेही आले. शब्द १९४४ सालचा. इंग्लंडमधल्या काही शाकाहाऱ्यांनी दूध-अंडीही सोडून वेगळी संस्था काढली, तेव्हा ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून तो तयार केला गेला. मराठीत त्याला अजून रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्द हॉटेलांच्या पाट्यांनी केव्हाच अडवून ठेवला आहे, आणि तिथे शुद्धतेचा अर्थ पनीर असा होतो.

माणसे व्हीगन का होतात, या प्रश्नाला एक तयार उत्तर हल्ली व्यासपीठांवरून आणि दिवाळी अंकांतून ऐकू येते. तो पूर्वपक्ष असा: यामागे विचार नाही, फॅशन आहे. परदेशात गाईंचे हाल होत असतील, तिथल्यांनी खुशाल दूध सोडावे. आपल्याकडे गाय ही आई आहे, वासरू पोटभर प्याल्यावर उरलेले दूधच माणूस घेतो, मग त्यात हिंसा कुठली? शिवाय वनस्पतींनाही जीव असतो. दुधाशिवाय हाडे ठिसूळ होतात, बी-१२ मिळत नाही. बदामाचे दूध गरिबाला परवडत नाही. आणि सगळ्यांनी दूध सोडले तर शेतकरी देशोधडीला लागेल. हे सारे एका दमात सांगितले जाते, बहुधा मसाला दुधाचा पेला हातात धरून.

परदेशीपणाचा मुद्दा आधी निकालात काढलेला बरा. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिके अमेरिका खंडातून आलेली आहेत. त्यामुळे कुणाची एकादशी मोडल्याचे ऐकिवात नाही. मुळात दूध नाकारण्याचा विचारही या देशाला नवा नाही. गांधीजींनी दूध सोडले ते १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर, मित्र हर्मन कॅलनबाख यांच्या सोबतीने. म्हणजे ‘व्हीगन’ हा शब्द जन्मायच्या बत्तीस वर्षे आधी. ब्रह्मचर्याचा विचार त्यात होताच. पण दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणाऱ्या ‘फुक्या’च्या क्रूर प्रकाराने आपल्याला दुधाची शिसारी आली, हेही त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. पुढे १९१९ च्या सुमारास मुंबईत आजारपणात कस्तुरबांच्या सांगण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, एवढा आधार त्याला होता. त्याची बोच त्यांनी लपवली नाही. आक्षेपकांना यातली शेळी तेवढी आठवते, फुका आठवत नाही.

वनस्पतींच्या जिवाबद्दल एकच सांगण्यासारखे आहे: दुभते जनावर दिवसाला कित्येक किलो चारा खाते, तेव्हा ज्याला गवताची दया येते त्याने दूध सगळ्यांत आधी सोडावे.

आता मुख्य मुद्दा, ‘वासरू पिऊन उरलेले दूध’. हे वाक्य उच्चारणाऱ्याने गोठ्यात एकदा तरी पूर्ण धार बघितली आहे का, अशी शंका येते. वासरू आधी सोडतात, हे खरे. का सोडतात? वासराने आचळाला तोंड लावून ढुशा दिल्या की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते आणि कासेत साठलेले दूध खाली उतरते. यालाच पान्हा म्हणतात. पान्हा फुटला की वासराला ओढून बाजूला बांधतात आणि धार काढायला बसतात. शेवटी सडात थोडे राखून वासराला पुन्हा सोडणारे शेतकरी आहेत, आणि ते भले लोक आहेत. पण क्रम हा असा आहे. आक्षेपक ज्याला औदार्य म्हणतात ती धार काढण्याची रीत आहे, किल्ली फिरवून कुलूप उघडावे तशी.

वासरू मेले तर काय करतात, हेही खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करतात. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. काही जनावरे मात्र फसत नाहीत, किंवा वासरासाठी दूध वर धरून ठेवतात. अशा गाईला मराठीत काय म्हणतात? ‘पान्हा चोरते’ म्हणतात. स्वतःच्या अंगातले दूध स्वतःच्या वासरासाठी राखणारी आई भाषेने चोर ठरवली, आणि धार काढणारा साव. गाय ही आई आहे, हे सांगणाऱ्यांनी या वाक्प्रचाराचा अर्थ एकदा लावून दाखवावा.

गांधीजींना शिसारी आणणारा फुका म्हणजे जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून त्याला दूध सोडायला भाग पाडणे. हा प्रकार परदेशी प्रचारकांनी रचलेला नाही. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम खास त्याच्यासाठी आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणेही त्याच कलमात येते, आणि शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जो प्रकार नाहीच, त्याच्यासाठी संसदेने कलम लिहिले, असे मानायचे असल्यास मानावे.

खरवसाचा उल्लेख टाळता येत नाही. व्यालेल्या गाईच्या किंवा म्हशीच्या पहिल्या दोन-चार दिवसांच्या चिकात वासराला रोगांपासून वाचवणारे घटक असतात. माणसाच्या मुलाला ते काही प्रमाणात गर्भातच मिळतात, वासराला मिळत नाहीत. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत पोटात गेलेला चीक हेच त्याचे संरक्षण. शहरात खरवस वर्षभर मिळतो. तो वासराला पुरून उरलेला आहे, असे समजून खाणाऱ्यांच्या श्रद्धेला तोड नाही.

पण ‘उरलेल्या दुधा’च्या आक्षेपाला खरे उत्तर गोठ्यापेक्षा पशुगणनेत आहे. गाय विते तेव्हा कालवड होण्याची आणि गोऱ्हा होण्याची शक्यता जवळपास सारखी असते, म्हशीचेही तसेच. २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंशाची जनावरे १९.२५ कोटी होती, त्यात माद्या १४.५१ कोटी. म्हणजे नर पाच कोटींच्याही आत. म्हैसवर्गाचे आकडे याहून बोलके आहेत: एकूण १०.९८ कोटी, त्यांपैकी माद्या १०.०६ कोटी. एक कोटीसुद्धा नर नाहीत. दर दहा-अकरा म्हशींमागे एक रेडा, हे गणित निसर्गाने घातलेले नाही. राहिलेली रेडकी कुठे गेली, हे विचारले की आईपणाचे व्याख्यान थांबते आणि विषय हवामानाकडे वळतो. काही उपासमारीने मेली, काही कत्तलखान्यात गेली. म्हशीचे मांस निर्यात करणाऱ्या आघाडीच्या देशांत भारताची गणना होते, आणि त्या मांसाचा उगम दुधाच्याच गोठ्यात आहे. देशातल्या दुधापैकी निम्म्याच्या जवळपास दूध म्हशीचे असते, तरी ‘गोमाता’ म्हणताना तिचा उल्लेख कुणी करत नाही. ज्या प्रांतात पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा घरोघर सांगतात, त्याच प्रांतात रेडकू जन्मले की गोठ्यातले चेहरे पडतात.

पूर्वी असे नव्हते, हे मान्य करायला हवे. गोऱ्ह्याचा बैल होत असे आणि बैलाला नांगर, मोट, गाडी अशी कामे होती. विहिरीवर पंप आला, रानात ट्रॅक्टर आला, बैलाचे काम संपले. जास्त दुधासाठी होल्स्टीन आणि जर्सी जातींशी संकर झाला. संकरित गोऱ्ह्याला जू टेकायला पुरेसे वशिंड नसते आणि ऊन सोसत नाही, म्हणून तो कामालाही चालत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती. २०१५ साली ती बैल आणि वळूंनाही लागू झाली, म्हैस आणि रेडा तेवढे वगळले गेले. बंदीने गोऱ्ह्याला दावण मिळाली नाही. विकता येत नाही आणि पोसताही येत नाही, अशी अवस्था मात्र झाली. ती भाकड गाईचीही झाली. दुग्धव्यवसायाने यावर तोडगा काढला आहे: नव्वद टक्क्यांपर्यंत कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरायची. तंत्र उपयोगी असेल. पण गोऱ्हा ही अडचण आहे याची याहून स्पष्ट कबुली व्हीगन मंडळींनाही लिहून घेता आली नसती.

इथे एका जुन्या वादाची आठवण होते. शाळेतल्या मुलांना अंडी द्यावीत की नाही, यावर वर्तमानपत्रांचे रकाने वर्षानुवर्षे भरले. अंडे निर्जीव आहे, त्यातून पिलू निघत नाही, म्हणून ते शाकाहारी, असे एक बाजू म्हणे. दुसरी बाजू म्हणे, ते प्राण्याच्या अंगातून आले म्हणून मांसाहारी. ही दुसरी बाजू सभेनंतर पेढे वाटत असे. पेढ्यातला खवा कुणाच्या अंगातून येतो, हा प्रश्न त्या सभांत कुणी उपस्थित केला नाही. शाकाहाराची व्याख्या अशी सोयीने आखलेली आहे आणि व्हीगन माणूस तिची रेघ सरळ करू पाहतो, म्हणून त्याचा राग येतो. सोवळ्याचेही तेच. रेशमाच्या धाग्यासाठी कोष आतल्या किड्यासह उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात; एका पैठणीमागे असे हजारो कोष असतात. तरी रेशमी वस्त्र सोवळ्याला चालते.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत. बी-१२ ची गोळी घ्यावी लागते, हे खरे, आणि व्हीगन माणसाने ती घ्यावी. या देशात दूध पिणाऱ्या कितीतरी शाकाहाऱ्यांनाही ती घ्यावी लागते. कॅल्शियम तिळात आणि नाचणीत आहे. बदामाचे दूध महाग आहे, पण ते पिण्याची सक्ती कुणी केली? भाकरी, ठेचा, पिठले, मटकीची उसळ, जवसाची चटणी यांत दुधाचा थेंब नसतो. कोकणात शिरवाळे नारळाच्या रसात बुडवून खातात, सोलकढीही त्याच रसाची. शेतकऱ्याचा मुद्दा तेवढा गंभीर आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही. मात्र लिटरमागे दर कमी मिळाला म्हणून दूध रस्त्यावर ओतायची वेळ त्याच्यावर येते, ती व्हीगन लोकांनी आणलेली नाही.

मग माणसे व्हीगन का होतात? पहिले कारण वर येऊन गेले: मांस सोडताना जो युक्तिवाद केला, तो दुधापाशी थांबवण्याचे कारण त्यांना सापडत नाही. दुसरे कारण पर्यावरणाचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुपालनाचा असल्याचे म्हटले, आणि गुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन हा त्यातला मोठा भाग. कडबा माणूस खात नाही, तो जनावराने खाल्ला तर बिघडले काय, हे उत्तर अर्धेच आहे. सरकी पेंड आणि मुरघासाचा मका शेतातच पिकतो आणि पाणी पितो. तिसरे कारण पोटाचे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही, त्यांतले काही जण पोटाच्या तक्रारीमुळे दूध सोडतात आणि मग बाकीचा विचार करू लागतात. फॅशन म्हणून होणारेही आहेत. ते फार टिकत नाहीत, आणि त्यांच्यावरून इतरांची परीक्षा करणे म्हणजे वारीतल्या हौशांवरून वारकरी मोजणे.

परंपरेचा दाखला हवाच असेल तर तो आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेला मिळतो. त्या संध्याकाळी सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची पूजा होते, आणि व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी गाईचे दूध, तूप आणि ताक तोंडाला लावत नाहीत.