घरी बनवलेल्या गाडीला रस्ता का नाही?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६० हजार रुपयांत किक मारून सुरू होणारी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. कौतुक झाले, जीपला मात्र रस्ता मिळाला नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याची पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत चाचणी लागते. ब्रेक-स्टिअरिंगची तपासणी हवीच. समोरून येणाऱ्याच्या जिवावर प्रयोग नको. पण हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला झेपणारी ही प्रक्रिया एकच गाडी बनवणाऱ्याला कशी झेपणार? ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्येही असे कसबी हात आहेत. सरकारने वेगमर्यादा घालून त्यांच्यासाठी तशी सोय करावी.