मांजरीच्या मेंदूला हसता काय? आधी घरातल्या लेकराचा एकेक डोळा तपासा!

राजेहो, पोस्ट मोठी आहे. पण घरात सात वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात मिहानमध्ये ड्युटी सुटल्यावर टपरीवर चहा घेत होतो. आमच्यातल्याच एका इंजिनिअर भावाने मोबाईल पुढे केला. "पाहा बे, मांजरीच्या मेंदूतल्या पेशी काय पाहून जाग्या होतात, यावर लोकांच्या जिंदग्या गेल्या. काय रिकामे धंदे आहेत!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याच रिकाम्या धंद्यामुळे माझ्या पोरीचा डावा डोळा आज बऱ्यापैकी कामाचा आहे. आणि ते ज्ञान आमच्या घरापर्यंत वेळेत पोचलं नाही, म्हणून तो पूर्ण कामाचा नाही.

आधी मांजरीचं ऐका. 1958 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघं भूल दिलेल्या मांजरीच्या मेंदूच्या मागच्या भागात बारीक तार घालून एकेका पेशीचे विद्युत ठोके ऐकत होते. पडद्यावर ठिपके दाखवले, पेशी ढिम्म. तासन्‌तास हाच प्रकार. मग काचेची पट्टी बदलताना अचानक ठोक्यांचा तडतडाट सुरू झाला. पेशी ठिपक्याला दाद देत नव्हतीच. काचेच्या कडेची जी पुसट रेघ पडद्यावरून सरकली, तिला ती दाद देत होती. रेघ एका ठरावीक तिरकेपणात असली की पेशी बोलते, तिरकेपणा बदलला की गप्प. कुणाला उभी रेघ लागते, कुणाला आडवी. म्हणजे डोळा नुसता उजेड आत घेतो, त्यातून रेघा, कडा, आकार उभे करायचं काम मेंदू करतो.

पुढचा प्रयोग आपल्या कामाचा. त्यांनी मांजरीच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा जवळपास ठणठणीत, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याचं ऐकायलाच तयार नाहीत. सगळी जागा चालू डोळ्याने बळकावलेली. मोठ्या मांजरीचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही झालं नाही. हे 1963 पासून छापून आलंय. 1981 साली दोघांना नोबेल मिळालं. पिल्लांचे हाल झाले, हे मी लपवत नाही. पण त्यांच्या डोळ्यांची किंमत देऊन मिळालेलं शहाणपण आपण वापरतच नसू, तर ते जास्त वाईट.

आता माझ्या घरचं. पोरगी तिसरीत होती. घरात लपाछपी चालली होती, तिने गंमत म्हणून उजवा डोळा हाताने झाकला आणि सरळ स्टुलावर आदळली. "बाबा, या डोळ्यानं धुकं दिसते." किती दिवसांपासून? "नेहमीच." डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याला मोठा नंबर, उजवा चांगला. लहानपणापासून डाव्याचं चित्र अंधुक, म्हणून मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं. याला आळशी डोळा म्हणतात. शंभरातल्या एक ते तीन पोरांना हा त्रास असतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, असं दोन वर्षं चाललं. पट्टी लावली की ती रडायची, वर्गातले चिडवायचे. डोळा सुधारला, पण पूर्ण नाही. "तीन-चार वर्षांची असताना आणली असती तर," एवढंच डॉक्टर बोलले.

आता राग कशाचा ते सांगतो. त्याआधी तिची डोळे तपासणी झाली होती! शिबिर झालं, बॅनर लागलं, फोटो निघाले. तक्त्यासमोर उभं करून दोन्ही डोळे उघडे ठेवून अक्षरं वाचायला लावली. पोरीने चांगल्या डोळ्याने धडाधड वाचली. शेरा: नॉर्मल. एक डोळा झाकायला काय लागते राजेहो? एक तळहात!

"सरकार काही करत नाही" हे रडगाणं मी गाणार नाही, कारण ते खोटं आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्यात पथकाने अंगणवाडीतली पोरं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा पाहायची असतात. पण एकाच पथकाला डोक्यापासून पायापर्यंत सगळं पाहायचं आणि समोर पोरांची रांग. अशात एकेक डोळा झाकून पाहायला सवड मिळते का, हा माझा प्रश्न आहे. दोष पथकातल्या ताई-दादांचा नाही. आपण तपासणी मोजतो "किती पोरं पाहिली" यावर. "किती पोरांना चष्मा मिळाला आणि सहा महिन्यांनी किती जण तो लावतात" हे कोण विचारतं?

आणि हे सगळं कुठे? मिहानमध्ये! इथे विमानं दुरुस्त होतात. ठरलेले तास भरले की विमान तपासलंच जातं, "बरं तर दिसते" म्हणून कुणी सोडत नाही. 11 डिसेंबर 2022 ला इथल्या एम्सचं उद्घाटन झालं, एवढं मोठं हॉस्पिटल दारात आहे. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुहीच्या लोकांनी या प्रकल्पाला जमिनी दिल्या. त्यांच्या अंगणवाडीतल्या पोराचा डावा डोळा कामाचा आहे की नाही, हे तिसऱ्या वर्षी कळू नये?

आक्षेप मला माहीत आहेत.

"एवढ्याशा पोराला अक्षरं कुठे येतात?" येत नाहीत, म्हणूनच चित्रांचे तक्ते असतात.

"मोठेपणी ऑपरेशन करू." डोळ्याचं कराल, मेंदूचं कसं कराल? वय गेल्यावर सगळंच संपतं असंही नाही. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या आपल्या देशातल्या मोठ्या मुलांची ऑपरेशनं केली, तेव्हा त्यांना बरंच दिसू लागलं. म्हणून दहा-बारा वर्षांचं लेकरू असेल तरी आशा सोडू नका, डॉक्टरकडे न्या. पण उशिरा मिळते ते कमी आणि कष्टाने मिळते.

"तिरळा डोळा भाग्याचा." भाऊ, ते भाग्य एक डोळा घेऊन जाते. तिरळेपणा हे आळशी डोळ्याचं मोठं कारण आहे.

मागणी तीनच आहेत. एक, तिसऱ्या वर्षी प्रत्येक पोराची तपासणी, एकेक डोळा झाकून. दोन, शिबिर कुणीही घ्या, नेत्याच्या वाढदिवसाला घ्या, पण चष्मा आणि पट्टी मिळेपर्यंतचा पाठपुरावा तुमचा. तीन, प्रत्येक ग्रामसभेत आकडा वाचून दाखवा: पाहिले किती, पुढे पाठवले किती, चष्मा लागला किती.

आणि आज रात्री घरी हे करा. लेकरू आवडतं चित्र पाहत असताना तळहाताने आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एक झाकल्यावर चालते आणि दुसरा झाकला की हात झटकते, रडते, मान वळवते? फ्लॅशच्या फोटोत एकाच डोळ्याची बाहुली पांढरी दिसते? डोळा तिरळा जातो? यातलं एकही असेल तर "मोठं झालं की जाईल" म्हणत बसू नका, या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. बाहुली पांढरी असेल तर उद्याच. यातलं काहीच दिसलं नाही तरी तिसऱ्या वर्षी एकदा तपासून घ्याच, घरच्या तपासणीत सगळं सापडत नाही.

टपरीवरच्या त्या भावालाही हेच सांगितलं. त्याची पोरगी चार वर्षांची आहे. चहा संपवून तो काही न बोलता गेला. रात्री त्याचा मेसेज आला: "दोन्ही डोळे झाकून पाहिले, काही वाटलं नाही. तरी शनिवारी दाखवून आणतो."

तुम्ही केव्हा पाहता? खाली लिहा. आणि तुमच्या अंगणवाडीत शेवटचं पथक कधी आलं होतं, तेही विचारून सांगा.